माळ्यावरची यंत्रं आणि आमची पोरं

दांडियाबजारकर (धागालेखक) | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, बडोद्याच्या दांडिया बजारातला आमचा वाडा पाडायला निघालाय. बिल्डर दिवाळीनंतर येणार, तोवर माळा रिकामा करायचा. पस्तीवाळ्याला (भंगारवाल्याला) काय द्यायचं आणि कुणी काय न्यायचं यावरून घरात जी भांडणं चालू आहेत त्यांचा धागा वेगळा काढावा लागेल. इथे दुसरंच विचारायचंय.

माळ्यावरून चार वस्तू अशा निघाल्या की अजून चालतील असं वाटलं. डायलचा काळा फोन, पायाचं शिवणाचं मशीन, ॲग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा आणि पितळी स्टोव्ह. पुसून अंगणात मांडल्या. सुट्टीला जमलेली पोरं, वयं चौदा ते बावीस, लगेच गोळा झाली. 'हे काय आहे' असं एकानंही विचारलं नाही, हे आधी सांगतो. रील्स बघून सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. गंमत त्यापुढची.

भाच्यानं फोन ओढला. आकडा बरोबर, भोक बरोबर, बोट अडसरापर्यंत नेलं तेही बरोबर. मग बोट काढून घेण्याऐवजी तसंच भोकात ठेवलं आणि तबकडी स्वतःच गर्रकन मागे आणली. सगळे आकडे असेच. पुतणीनं आत जुने फोटो आहेत का बघायला कॅमेऱ्याची पाठच उघडली. धाकट्यानं मशीनच्या पायट्यावर जोर दिला, चाक उलटं गेलं आणि कापडाखाली दोऱ्याचा हा गुंता. स्टोव्हला कुणी हात लावला नाही, देवाची कृपा.

आमचे मेहुणे म्हणाले, "मोबाईल काढून घेतला तर ही पोरं उपाशी मरतील." मोठी माणसं खो खो हसली. मला हसू आलं नाही, कारण भाचा काही बावळट नाही. इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरातला पाण्याचा फिल्टर तोच उघडून दुरुस्त करतो.

तर प्रश्न असा. नाव माहीत, चित्र पाहिलेलं, तरी हाताला काही कळत नाही, हे कशामुळे? आणि त्यानं कुणाचं काही बिघडतं का? मला वाटतं थोडं बिघडतं. डायल परत येतानाच्या आवाजावरून मी आतल्या खोलीत बसून सांगायचो की बाबा कुणाला फोन लावतायत. ही यंत्रं आपण काय करतोय ते सतत कानावर घालायची. आताची मुकी असतात. तुमचं काय मत?


लहरीपुरा_दरवाजा | रात्री ९.४४

पहिला! सेव-उसळ खाऊन येतो, मग वाचतो.


चिकित्सक_बेडूक | रात्री १०.०५

अशा धाग्यांचा मला मनापासून कंटाळा येतो, तरी लिहितो.

धागालेखक, तुमच्या वाड्याचे जुने कागद मोडीत असणार. बडोदा संस्थानचं कितीतरी जुनं दप्तर मोडीतच आहे. तुम्हाला वाचता येतात का? आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत, शक्यतो हात न उचलता लिहीत सुटायचं, हे तुमच्या पणजोबांना झोपेत जमत असेल. बोरूला टोक कसं काढायचं, टाक तिरपा किती कापायचा, हेसुद्धा. तुमच्या पिढीनं ते सोडलं तेव्हा कुणी अंगणात उभं राहून तुम्हाला हसलं का?

प्रत्येक पिढी काहीतरी माळ्यावर टाकते. आपण टाकलं ते कालबाह्य आणि पोरांनी टाकलं ती संस्कृतीची हानी, असं कसं चालेल?


दांडियाबजारकर | रात्री १०.१८

मोडी वाचता येत नाही. मुद्दा मान्य. पण मी हसलो नव्हतो, मेहुणे हसले होते. त्यांनाही येत नाही :)


स्ट्रोजरकाका | रात्री १०.५२

आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं, त्यामुळे फोनपुरतं बोलतो.

भाच्यानं तबकडी हातानं मागे आणली यात एक मूळ गैरसमज आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. त्याला वाटलं, बोट फिरवलं की आकडा 'टाकला'. प्रत्यक्षात बोट फिरवताना काहीच जात नाही. तेव्हा नुसती आतली स्प्रिंग भरते. आकडा जातो तो तबकडी परत येताना. परतताना एक संपर्क उघड-बंद होतो, पाच फिरवला तर पाच वेळा, आठ फिरवला तर आठ वेळा, आणि शून्याला दहा वेळा. वेग साधारण सेकंदाला दहा ठोके. हा वेग कमी-जास्त होऊ नये म्हणून आत एक छोटा गव्हर्नर बसवलेला असतो. तो जो किर्रर्र आवाज यायचा त्यात त्याचा मोठा वाटा. तुम्ही घाईनं मागे आणलीत की ठोके एकमेकांत मिसळतात, आणि तुमचा फोन भलत्याच घरी वाजतो.

आता पलीकडे काय व्हायचं ते ऐका. जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ठोक्याला एक सिलेक्टर, म्हणजे लाइन निवडणारा यांत्रिक खटका, खट्कन एक पायरी वर चढायचा. मग पुढचा आकडा पुढच्या सिलेक्टरला. शेवटच्या सिलेक्टरवर दोन आकडे. एकानं वर चढायचं, दुसऱ्यानं आडवं फिरायचं, दहा गुणिले दहा, म्हणजे शंभर लाइनींतली तुमची लाइन पकडायची. सकाळी अकराच्या सुमारास त्या खोलीत उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. अख्खं गाव फोन लावतंय ते कानाला समजायचं. रात्री तीन वाजता एकच रॅक खटखटला तर वाटायचं, कुणाच्या घरी काहीतरी झालेलं दिसतंय.

हे काढणारा स्ट्रोजर धंद्यानं अंत्यविधीचं सामान पुरवणारा होता, पेटंट १८९१ चं. गावातली ऑपरेटर बाई प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि गिऱ्हाइकांचे फोन तिकडेच जोडून द्यायची, म्हणून चिडून त्यानं ऑपरेटरच नको असं यंत्र केलं, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी ही गोष्ट ऐकावीच लागायची.


परदेशी_पोपट | रात्री ११.१५

काका, आणि ते कुलूप! आमच्या वडिलांनी एसटीडीचं बिल बघून डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप घातलं होतं. किल्ली त्यांच्या जानव्याला. आम्ही भावंडं रिसीव्हर ठेवायचा खटका टकटक दाबून नंबर लावायचो. चार म्हणजे चार टिचक्या, मग जरा थांबा. शून्य आलं की वैताग.


स्ट्रोजरकाका | रात्री ११.२१

बरोबर. खटका दाबला की तोच सर्किट तुटतो, एक्स्चेंजला काय कळणार बोटानं तोडला की तबकडीनं. तुमच्या वडिलांना सांगू नका, पण आमच्याकडे तक्रारी यायच्या: 'कुलूप असूनही बिल कसं आलं?' आम्ही गंभीर चेहऱ्यानं 'लाइन तपासतो' म्हणायचो.


सुईदोरा | रविवार, सकाळी ७.३०

पायमशीनबद्दल मी लिहिते. शिवणाचे क्लास घेते, त्यामुळे हे दृश्य रोजचं आहे.

मशीन पायानं सुरू होत नाही हो. हातानं सुरू होतं. उजव्या हाताचा तळवा वरच्या चाकावर, चाक आपल्याकडे ओढायचं, आणि ते फिरायला लागलं की पायानं नुसती साथ द्यायची. पायटा आधी दाबला तर चाक कुठल्याही बाजूला जाऊ शकतं. उलटं गेलं की खाली गुंता ठरलेला. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी पहिले काही दिवस दोरा ओवूच देत नाही. रिकाम्या सुईनं वहीच्या रेघांवर भोकं पाडायची. सरळ रेघ जमली की वळण, वळण जमलं की कोपरा. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळची दाबपट्टी, उचलायचा आणि कागद वळवायचा. सुई वर असताना वळवलात तर कोपरा गोल होतो.

टाका बिघडला की बायका आधी सुई बदलतात, मग मेकॅनिकला फोन. कापड उलटून बघायचं आधी. खालच्या बाजूला दोऱ्याचे लोंबते फास दिसले तर दोष वर आहे, वरच्या दोऱ्याचा ताण सैल, चकतीचा स्क्रू थोडा आवळायचा. वरच्या बाजूला खालचा दोरा डोकावतोय तर ताण जास्त. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात लपायला हवी. म्हणजे खराबी जिथे दिसते त्याच्या उलट बाजूला असते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी दुरुस्ती घरीच होते.

आणि एक. 'आजकालच्या मुलींना येत नाही' हे मी रोज ऐकते, बहुतेक वेळा मुलीच्या आईकडून. मग आईला विचारते, तुमच्या घरी मशीन आहे का? असतं. कुठे आहे? गॅलरीत, वर तुळशीची कुंडी.


मांडवीचा_मावळा | सकाळी ८.१०

तुळशीची कुंडी +१. आमच्याकडे वर टीव्ही आहे.


सेमेस्टर_सहावं | सकाळी ११.४५

काका-मावशींनो, मी धागालेखकांचा भाचा नाही, पण असू शकलो असतो. वीस वर्षांचा आहे, इथेच टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकतो, म्हणजे एकेकाळच्या कलाभवनात. त्यामुळे 'आताच्या पोरांना' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

मला एकच विचारायचंय. तुम्ही आम्हाला हात कधी लावू दिला?

आमच्या आजोबांकडे एचएमटी जनता आहे. सतरा ज्वेलचं, चावीचं. रोज सकाळी संध्येनंतर चावी देतात. लहानपणापासून मी शेजारी बसून बघतोय. एकदा मागितलं तर 'स्प्रिंग तुटेल'. आजीचं मशीन, 'सुई बोटात घुसेल'. बाबांचा चेतक, 'किक उलटी बसेल'. कॅमेरा शोकेसमध्ये, शोकेसला काच, काचेला कुलूप. अठरा वर्षं 'लांबून बघ' ऐकल्यावर एक दिवस ती वस्तू अंगणात ठेवता आणि म्हणता, चल, चालवून दाखव. मग सगळे हसता. तुम्ही स्वतः ते कसं शिकलात? घरात तेच एक मशीन होतं, त्यामुळे तुमच्याशिवाय भागत नव्हतं. दळण आणायला, रॉकेलच्या रांगेत, फोन उचलायला तुम्हीच. तुमच्या हातून मोडतोडही झालीच असेल, पण तेव्हा ती वस्तू 'आठवण' नव्हती. दुरुस्तीवाला कोपऱ्यावर होता, सुटा भाग मंगळ बजारात मिळत होता.

आणि स्ट्रोजरकाका, तुमचा प्रतिसाद वाचून मी उडालोच. एक ठोका, एक पायरी. आम्ही लॅबमध्ये स्टेपर मोटरला हेच देतो, इतके पल्स म्हणजे इतक्या पायऱ्या. पल्स, काउंटर, सिलेक्टर, सगळं परीक्षेला आहे. गणितं सोडवली आहेत. फक्त हे सगळं एका काळ्या डब्यात माझ्या आजीच्या घरी कोपऱ्यात ठेवलेलं होतं हे कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं ती शोभेची वस्तू आहे.

जास्त बोललो असेन तर माफी.


उंधियु_आणि_उकडीचे | दुपारी १२.०२

माफी कसली, टाळ्या.


लहरीपुरा_दरवाजा | दुपारी १२.१०

सेव-उसळ पचली. सेमेस्टरभाऊशी सहमत, पण चेतकच्या किकबद्दल बाबा खरं बोलतात. नडगीला विचारा.


निवृत्त_ड्राफ्ट्समन | दुपारी ३.३०

सेमेस्टर सहावं, तुमच्या कलाभवनाची गोष्ट तुम्हालाच सांगतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं ते हाताला काम शिकवण्यासाठी. सुतारकाम, रंगकाम, विणकाम, यंत्रकाम. दादासाहेब फाळकेही काही काळ तिथे शिकले. तेव्हा ज्याच्या हातात शिकाऊ पोर असेल तो त्याला शिव्या घालायचा, पण हत्यार द्यायचा. हत्यार न देता शिकवायची पद्धत नंतरची.

मी स्वतः ड्रॉइंग ऑफिसातला. पहिले कित्येक महिने मला रेघ ओढू दिली नाही हे खरं, पण पेन्सिली माझ्याकडे होत्या. टू-एचला किती लांब टोक, एचबीला किती, टोक गोल की छिन्नीसारखं चपटं, वाळूच्या कागदावर घासायचं कसं. तो कंटाळवाणा काळ होता. त्याच काळात लक्षात आलं की पेन्सिल ओढताना ती दोन बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे रेघ सुरुवातीला बारीक आणि शेवटी जाड होत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाची बोटं बघून कळलं.

ट्रेसिंगवर शाईनं काढताना चूक झाली तर रबर चालत नाही. दाढीचं ब्लेड अर्धं मोडून घ्यायचं, कागदाला जवळजवळ समांतर धरायचं आणि शाईचा थर अलगद खरवडायचा. दाब जास्त पडला की ट्रेसिंगचा तंतू उठतो, आणि त्यावरून दुसरी रेघ काढली की शाई फुटून पसरते. म्हणून खरवडल्यावर ती जागा नखाच्या पाठीनं घासून गुळगुळीत करायची. आमच्या हेडचं उजव्या अंगठ्याचं नख त्यासाठी कायम वाढवलेलं असे. मग अमोनियाचा प्रिंट, म्हणजे ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वाफेनं काढलेली नक्कल. त्या खोलीतून बाहेर आलं की डोळ्यांतून पाणी.

आता धागालेखक विचारतात बिघडतं का. माझ्यापुरतं उत्तर: संगणक आला तेव्हा ऑफिसात सगळ्यात आनंद मला झाला होता. एक भोक चार मिलिमीटर सरकवायचं म्हणून पूर्ण शीट नव्यानं काढायची शिक्षा ज्यानं भोगलीय तो ब्लेडच्या आठवणी काढून रडत नाही. पण एक गोष्ट मात्र पाहिली. ब्लेडनं खोडावं लागतं म्हटल्यावर माणूस रेघ ओढण्यापूर्वी विचार करायचा. आता आधी ओढतात, मग विचार. ते वाईट असेलच असं नाही. दहा पर्याय करून बघता येतात, आम्ही एकच करायचो आणि तोच ग्रेट म्हणून सांगायचो.


चिकित्सक_बेडूक | दुपारी ४.०५

ड्राफ्ट्समनसाहेब, दंडवत. धाग्यातला पहिला प्रतिसाद ज्यात रडारड नाही.


उंधियु_आणि_उकडीचे | संध्याकाळी ६.२०

स्टोव्हबद्दल कुणीच लिहीना म्हणून लिहिते. पितळी स्टोव्हची आठवण सगळ्यांना गोड वाटते तशी मला वाटत नाही.

पेटवायची पद्धत सांगते, कारण ती आता ज्यांना येते त्या बायका सत्तरीच्या पुढे गेल्यात. बर्नरखालच्या वाटीत काकडा किंवा थोडं स्पिरिट पेटवायचं. बर्नर चांगला तापला की चावी बंद करून पंप मारायचा. टाकीतलं रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, आणि ती वाफ सुईएवढ्या भोकातून जोरात बाहेर पडून जळते. निळी ज्योत आणि फर्रर्र आवाज. बर्नर पुरता तापायच्या आत घाईनं पंप मारला तर वाफ न होता रॉकेलच उडतं आणि पिवळा भडका छताला. भोक काजळीनं बुजलं की ज्योत तिरकी होते, मग पिन मारायची. पंपाचं चामडी वॉशर वाळलं की पंप नुसता खालीवर होतो, हवा भरतच नाही. त्यावर तेलाचे दोन थेंब.

हे सगळं रोज, पहाटे, नऊवारीच्या पदरासकट. आणि वर्तमानपत्रात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' ही बातमी दर आठवड्याला. त्यातले किती भडके खरे होते आणि किती नव्हते हे आळीतल्या सगळ्या बायकांना माहीत असायचं. १९८६ साली हुंडाबळीचं कलम कायद्यात घातलं ते उगीच नाही. त्यामुळे माझ्या नातीला पिन कशी मारतात ते माहीत नाही याचं मला काडीचंही दुःख नाही.

धागालेखक, तुमच्या पोरांनी स्टोव्हला हात लावला नाही हे उत्तमच. पस्तीवाळ्याला देऊन टाका, पितळेचा भाव बरा आहे.


दांडियाबजारकर | संध्याकाळी ६.४१

उंधियुताई, स्टोव्ह उद्याच गेला समजा.

सेमेस्टरभाऊ, तुमचं वाचल्यावर भाच्याला विचारलं, तू आमच्या फोनला याआधी कधी हात लावला होतास का? म्हणाला, "लहानपणी लावला होता. मामी ओरडली होती." मामी शेजारीच बसल्या होत्या. विषय तिथेच थांबवला.


सुरसागर_काठी | रात्री ८.५५

कॅमेऱ्याचं मी घेतो. क्लिक थ्रीबद्दल धाग्यात अजून कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, तो बडोद्याचा आहे. ॲग्फाच्या परवान्यानं न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं इथे बनवलेला. देशभरातल्या घरोघरच्या मुंजी, सहली आणि गॅदरिंगं आपल्या गावच्या डब्यातून टिपली गेली आहेत. पाहिजे तर खालचा शिक्का बघा.

पुतणीनं पाठ उघडली ते ठीकच, आत रोल नसणार. आता तिला वापरायला द्या. १२० चा रोल अजून मिळतो, ऑनलाइन, महाग पडतो. बारा चौकोनी फोटो. १०० स्पीडचा कृष्णधवल घ्या, ४०० नको. या कॅमेऱ्याचं शटर मंद आहे, आपल्या उन्हात ४०० चा रोल भाजून निघेल. भर उन्हात, सूर्य पाठीशी, माणूस सात-आठ फुटांवर. घरात फोटो काढायचा नाही, काही येणार नाही.

रोल भरताना: कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत घालून एक-दोन वेढे घट्ट द्यायचे, तिरकं गेलं तर सोडवून पुन्हा. पाठ बंद. मग मागच्या लाल खिडकीत बघत चावी फिरवायची, आधी खुणा येतात, मग १ दिसेल. तिथे थांबायचं. प्रत्येक फोटोनंतर फिरवायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो येतात, कॅमेरा अडवत नाही. आमच्या एका काकांच्या लग्नाच्या फोटोत वरमाईच्या पोटातून बँडवाला निघालेला आहे.

एक जरूर करा. लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, आकडा बघण्यापुरतीच उचला, तीही सावलीत. आताचे रोल लाल उजेडालाही संवेदनशील असतात आणि जुन्या खिडकीचा रंग उडालेला असतो.


मांडवीचा_मावळा | रात्री ९.०७

पण रोल तर लाल दिव्यातच धुतात ना? सिनेमात बघितलंय.


सुरसागर_काठी | रात्री ९.१५

लाल दिव्यात कागदावर प्रिंट काढतात. तो कागद लाल उजेडाला आंधळा असतो. रोल मात्र ठार काळोखात रिळावर चढवून बंद टाकीत घालावा लागतो. झाकण लागलं की दिवा लावा खुशाल. सिनेमात काळोख दाखवला तर हिरो दिसणार कसा, म्हणून सगळीकडे लाल दिवा.


सेमेस्टर_सहावं | रात्री ९.४०

सुरसागरकाका, रिळावर चढवायची सवय काळोखात कशी करायची? एखादा फुकट गेलेला रोल आहे का तुमच्याकडे?


सुरसागर_काठी | रात्री ९.४४

आहे. आधी उजेडात डोळे उघडे ठेवून, मग डोळे मिटून, मग रजईत हात घालून. देतो.


चिकित्सक_बेडूक | रात्री १०.१०

एक राहिलं म्हणून लिहितो. पोरांना जुनी यंत्रं कळत नाहीत, पण नवी तरी कुणाला कळतात? माझ्या मोबाईलची बॅटरी डिंकानं चिकटवलेली आहे. स्क्रू आहेत ते असे की घरातला एकही पेचकस लागत नाही. शिवणाच्या मशीनला वर तेलाची भोकं दिलेली असतात, म्हणजे बनवणाऱ्यानंच गृहीत धरलंय की घरचा माणूस तेल घालणार. मोबाईल बनवणाऱ्यानं गृहीत धरलंय की तुम्ही दुकानात येणार. तेव्हा दोष द्यायचाच तर पोरांच्या हातांना देऊ नका.


दांडियाबजारकर | रात्री १०.३०

बेडूकराव, तुम्ही आणि मी सहमत झालो, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

वाटणी ठरवली. कॅमेरा पुतणीला, रोलसकट. मशीन सध्या माझ्याकडे, पण चामड्याचा पट्टा सुकून तडकलाय आणि चाक जड फिरतंय. फोन भाच्यानं मागितलाय, पण आमच्याकडे आता फायबर आहे. त्याच्या डब्याला जोडला तर चालेल का?


स्ट्रोजरकाका | रात्री १०.४८

घंटी वाजेल, बोलता येईल, बाहेरून आलेला फोन उचलता येईल. लावता येईलच असं नाही, फायबरच्या पुष्कळ डब्यांना ठोके समजत नाहीत, त्यांना फक्त बटणांचे सूर कळतात. ठोक्यांचे सूर करून देणारा छोटा जोड मिळतो. पण भाचा इन्स्ट्रुमेंटेशनचा आहे ना? मग विकत कशाला घेता. ठोके मोजायचे आणि तो सूर काढायचा, एवढंच काम आहे. एखाद्या मायक्रोकंट्रोलरवर तो आरामात करेल. मात्र ठोका मोजताना संपर्क थरथरतो, एकाचे दोन मोजले जातात, ते गाळायची सोय ठेवायला सांगा.


सेमेस्टर_सहावं | रात्री १०.५५

डीबाउन्स! हे मला येतं. भाच्याला माझ्याशी बोलायला सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


सुईदोरा | रात्री ११.०५

पट्टा तडकला असेल तर नवाच घ्या, जुना जोडत बसू नका. खांडेराव मार्केटच्या आसपास विचारा, मापाला कापून देतात. सोबत तारेची क्लिप मागून घ्या. पट्टा घालून ताण बघायचा: मधोमध बोटानं दाबला तर थोडा आत जायला हवा, तारेसारखा ताठ असला की पाय दुखतात.

चाक जड आहे त्याला कारण वाळलेलं जुनं तेल. खोबरेल घातलं असेल कुणीतरी, हमखास. आधी प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब टाकून दोरा न ओवता मशीन चालवा, काळं पाणी निघेल ते पुसा, मगच मशीनचं तेल. बॉबिनच्या घरातला कचरा जुन्या टूथब्रशनं काढा.


दांडियाबजारकर | रात्री ११.१२

ताई, रॉकेल आता आणायचं कुठून?


उंधियु_आणि_उकडीचे | रात्री ११.१४

स्टोव्हच्या टाकीत बघा, तळाशी असेल. पस्तीवाळा यायच्या आत काढून घ्या.


सुईदोरा | रात्री ११.२०

नसेल तर माझ्याकडे बाटली आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला येऊ का? पट्टा मी घेऊन येते, तुम्ही पेचकस आणि चिंध्या तयार ठेवा. आणि ज्या धाकट्यानं गुंता केला त्याला घरी थांबवा, तेल तोच घालेल.